गिअरकाकांची छत्री

रेस बघताना गिअरकाकांचा डावा हात कधी स्वस्थ नसायचा. टीव्हीवर मोटरसायकली वळणाला आल्या की खुर्चीच्या डाव्या बाजूला, जिथे काहीच नव्हतं, तिथे त्यांची मूठ वळायची, मागे यायची, जराशी बाजूला सरकायची आणि पुन्हा पुढे जायची. त्याच वेळी डावा पाय फरशीवर दाबला जायचा. त्या बाजूला चहाचा कप ठेवायचा नाही, हे घरात येणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. नव्या माणसाने ठेवलाच, तर काकी काही न बोलता तो उचलून उजवीकडे ठेवायची.

एकदा आळीतला एक मुलगा हसून म्हणाला, "काका, बाईकचा गिअर हातात नसतो, पायात असतो."

काकांनी टीव्हीवरची नजर न काढता सांगितलं, "त्यांच्या पायात असंल. मी माज्या बसमधनं बगतोय."

ते माझे सख्खे मोठे काका. तारापूरच्या कारखान्यांत कामगारांना नेणारी बस त्यांनी नोकरीभर चालवली. आमच्या पाम गावातून, बेटेगाववरून, बोईसर स्टेशनबाहेरून माणसं गोळा करायची, शिफ्ट सुटली की परत आणून सोडायची. बसमधले कामगार त्यांना 'उस्ताद' म्हणायचे, गावात ते गिअरकाका होते. रस्त्यावर टँकर, कंटेनर, खड्डे आणि मध्येच बसलेली गुरं. "सगळी नोकरी दुसऱ्या नि तिसऱ्या गिअरमधी गेली," ते म्हणायचे. "चौथा टाकायला रस्ता कुठं होता?" तब्येतीचं विचारलं तरी उत्तर तेच असायचं, "दुसऱ्यात चाललंय."

रेस त्यांना सापडली ती नोकरी संपल्यावर. वेळ जात नसे, म्हणून ते रिमोट घेऊन चॅनेल फिरवत बसायचे. घरामागच्या न्हाणीच्या स्लॅबवर त्यांनी छत्री बसवून घेतली होती. डिश अँटेनाला आमच्याकडे छत्रीच म्हणतात. ही छत्री फुकटवाली होती, तिला दर महिन्याला काही भरावं लागत नसे. तिच्यावर भजनं यायची, जुने सिनेमे यायचे, केसांच्या तेलाच्या जाहिराती यायच्या आणि एक खेळांचं चॅनेल यायचं. एका रविवारी त्या चॅनेलवर माणसं मोटरसायकल आडवी करून, गुडघा रस्त्याला टेकवून वळताना काकांनी पाहिली. त्यांनी काकीला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं. "हे बग. एक खड्डा नाय. समोरून कोण येत नाय." काकी सांगते, तेव्हा त्यांचा चेहरा देवळात उभं राहिल्यासारखा झाला होता.

टीव्हीचा आवाज ते बंद ठेवायचे. इंग्रजी बोलणारा माणूस इतका ओरडतो की घरात भांडण चाललंय असं वाटतं, असं त्यांचं म्हणणं. मग ते स्वतःच सांगायचे. परदेशी नावं कुणाच्या जिभेवर बसेनात, तेव्हा त्यांनी गाड्यांना गावं वाटून दिली. लाल गाडी वाणगाव, कारण वाणगावची मिरची. निळी तारापूर, कारण समुद्र. हिरवी बेटेगाव. केशरी बोईसर; ती का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही, पण ती त्यांची होती. दर वर्षी गाड्यांचे रंग थोडेफार बदलायचे, म्हणून हंगामातल्या पहिल्या रेसला गावं नव्याने वाटली जायची. त्यासाठी आळीतली माणसं लवकर येऊन बसायची आणि लग्नाच्या याद्या ठरवताना होतात तसे वाद घालायची. त्यानंतर हंगामभर "बोईसरनं तारापूरला आतून घेतला", "बेटेगाव आडवा झाला, उठला, चालला" असं सगळं ऐकू यायचं. आपण काहीतरी परदेशी बघतोय असं आम्हाला कधी वाटलंच नाही.

पाम मात्र त्यांनी कुणालाच दिलं नाही. मी शाळेत असताना एकदा हट्ट केला होता. तेव्हा ते म्हणाले, "कशी पडतात ती माणसं, बगतेस ना? आपल्या गावाला नाय पाठवायचं तिकडं. पाम हितं बसून बगंल."

आता माझ्या बाबांबद्दल सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय काकांचं काही सांगता येत नाही. बाबा काकांचे धाकटे भाऊ, तारापूरच्या एका कारखान्यात कामाला. आजोबांच्या मागे वाडीचे दोन भाग झाले. नारळ वाटता आले, केळी वाटता आली, पण विहीर एकच होती आणि तिच्यावरचा पंपही एकच. एका उन्हाळ्यात पाणी कमी पडलं, आमच्या बाजूची केळी करपली आणि विहिरीवर दोघांत असं काही बोलणं झालं की त्यानंतर बोलणंच थांबलं. काय बोलले ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. दोन घरांच्या मध्ये फक्त एक अंगण होतं. मी, आई, काकी त्या अंगणातून रोज ये-जा करायचो. ते दोघे एकमेकांकडे न बघता करायचे.

पण रेसच्या रविवारी बाबा यायचे. आत पाऊल टाकायचे नाहीत. बाहेर ओट्यावर बसून उघड्या दारातून टीव्ही बघायचे. आईचं माहेर वाणगावचं, म्हणून त्यांची गाडी लाल. काका आतून, कुणाचंही नाव न घेता म्हणायचे, "वाणगावच्या जावयांना सांगा, टायर संपले त्यांचे. सासुरवाडीची गाडी अशीच, सुरुवातीला लई मान." बाहेरून उत्तर यायचं, "बोईसरवाल्याला सांगा, आरशात बग. मागं कोण आलाय ते दिसंल." सगळी पडवी हसायची. ते दोघे हसायचे नाहीत. हसले असते तर ते बोलणं झालं असतं.

आणि याच बोलण्यात आमच्या विहिरीचा कारभार चालायचा. कुणी ठरवून सुरू केलं नव्हतं. एकदा ओट्यावरून आवाज आला, "बेटेगावच्या गाडीचा पंप गळतोय असं वाटतं. मंगळवारी मिस्त्री बोलवायला पायजे."

मग काका टीव्हीकडे बघत म्हणाले, "बेटेगावनं मिस्त्री बोलवावा. नवीन पायप बोईसर आणील."

मंगळवारी बाबांनी बोलावलेला मिस्त्री आला. पाइप काकांनी आणला. पाणी कुणाच्या बाजूला कधी सोडायचं, वायर कुणी बदलायची, काकांच्या मुलीच्या लग्नात मांडव कुणाच्या अंगणात घालायचा, हे सगळं तारापूर आणि बेटेगाव यांच्या मार्फत ठरलं. आळीतल्या माणसांना ते कळायचं. अशा वेळी कुणी मध्ये बोलत नसे.

मग एका वर्षी ते चॅनेल गेलं. रेसच्या दिवशी काकांनी टीव्ही लावला तर निळा पडदा आणि त्यावर 'नो सिग्नल'. बाकीची चॅनेलं येत होती. भजनं होती, तेल होतं. माणसं थोडा वेळ बसली, चहा प्यायली आणि गेली. पुढच्या रेसला कमी आली. आळीतल्या मुलांनी कुठून कुठून शोधून काढलं की रेस आता पैसे भरून घ्यायच्या ॲपवर असते. ज्यांना जमलं त्यांनी ते घेतलं, बाकीच्यांनी मित्राचा पासवर्ड घेतला. ती मुलं कानात वायर घालून आपापल्या घरी बघू लागली. त्यांना गाडी चालवणाऱ्यांची खरी नावं पाठ झाली. त्यात त्यांचं काही चुकलं असं मला म्हणता येत नाही. पण काकांच्या पडवीत आता चार खुर्च्या भिंतीला लावून ठेवलेल्या असायच्या.

त्या दिवसांत पंपाचे निरोप माझ्या आणि काकीच्या तोंडून जायचे. मी कॉलेजमधून थकून यायचे. पालघरहून येईपर्यंत अंगात त्राण नसायचं. दारातच बाबा म्हणायचे, "तिकडं सांग, आज पाणी आपलं हाय." मी तिकडे सांगायचे. तिकडून उत्तर यायचं. आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिली. सगळ्यांना वाटायचं त्यापेक्षा मला कमी कळायचं, पण एवढं कळत होतं की मी सांगितलेला निरोप तोच राहत नव्हता. बाबांचं साधं वाक्य माझ्या तोंडून हुकमासारखं वाटायचं. काकांची थट्टा टोमणा होऊन पोचायची. एकदा पंप दोन दिवस बंद राहिला. मिस्त्री कुणी बोलवायचा, ते ठरलंच नाही.

त्यानंतरच्या रेसच्या रविवारी मी अंगणात कपडे वाळत घालत होते. काका शिडी लावून न्हाणीच्या स्लॅबवर चढले होते आणि छत्री फिरवत होते. काकी आत टीव्हीपुढे उभी. तिचा आवाज आधीच बारीक, तो मागे पोचेना. काका वरून विचारत होते, "आलं काय?" आणि उत्तर येत नव्हतं. बाबा विहिरीवर निघाले होते. ते अंगणाच्या मध्ये थांबले. मग ओट्याकडे गेले, दारातून टीव्ही बघितला, परत घराच्या कोपऱ्यावर आले आणि वर बघून म्हणाले, "नाय आलं."

काकांनी खाली बघितलं, छत्री थोडी फिरवली. मग म्हणाले, "आता?"

"नाय. जरा वाणगावकडं फिरव."

"फिरवली. बग, बाळ्या."

बाबांना त्या नावाने हाक मारणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. मी हातातला टॉवेल पिळत राहिले.

त्या संध्याकाळी छत्री वाणगावकडे फिरली, तारापूरकडे फिरली, थोडी समुद्राकडे झुकली. काही आलं नाही. शेवटी काका खाली उतरले आणि जाता जाता म्हणाले, "पंपाचा आवाज बदललाय." बाबा म्हणाले, "बेअरिंग गेलंय. उद्या बगू." दोघे आपापल्या घरात गेले.

पुढच्या रेसलाही तेच झालं आणि त्याच्या पुढच्याही. आळीतली माणसं हसायची. "काका, उपग्रह पळून गेला काय?" काका म्हणायचे, "तुमी फोन बगा." ते वर आणि बाबा खाली, मध्ये छत्री. "आलं?" "नाय." या दोन शब्दांच्या अधेमधे किती गोष्टी बोलून व्हायच्या. केळीला खत, काकीचे डोळे, माझी फी, बाबांच्या कारखान्यात कुणाला घरी बसवलं ते. मी माझ्या खोलीच्या खिडकीतून ऐकायचे.

मला मात्र ते बघून फार वाईट वाटायचं. काका दमायचे. उतरताना शिडीच्या प्रत्येक पायरीवर थांबायचे. न आलेल्या चित्रासाठी एवढा म्हातारा माणूस वर चढतो आणि खरं काय ते त्याला कुणी सांगत नाही, असं मला वाटायचं. म्हणून एकदा ते विहिरीच्या कठड्यावर एकटे बसले असताना मी धीर करून म्हणाले, "काका, छत्रीचा दोष नाही. रेस आता टीव्हीवर फुकट येत नाही. ॲपला पैसे भरावे लागतात. मी शिकवणी घेते ना, त्यातून भरते. माझ्या फोनवर लावून देईन तुम्हाला."

ते माझ्याकडे बघून हसले. "मला म्हाईत हाय, पोरी. छत्री बसवली त्या पोरानं पयल्या आठवड्यातच सांगितलं."

"मग तुम्ही वर का चढता?"

त्यांनी आमच्या घराकडे बघितलं.

"तुजा बाप खाली उभा ऱ्हातो ना."

मी पुन्हा म्हणाले, फोनवर लावून देते, दोघं मिळून बघा. त्यांनी मान हलवली. "फोनवर दिसलं तर छत्री कशाला फिरवायची? आणि छत्री नाय फिरवली तर तो काय म्हणून येल? नको लावूस. दमतो मी, पण जमतंय. दुसऱ्यात चाललंय." मग उठताना म्हणाले, "बापाला नको सांगू."

मी नाही सांगितलं. पण मला पुढे बरेचदा प्रश्न पडला. बाबांच्या कारखान्यात यूपी-बिहारची तरुण मुलं जेवणाच्या सुट्टीत फोनवर रेस बघतात, हे मला बाबांनीच कधीतरी सांगितलं होतं. मग त्यांना माहीत नव्हतं असं कसं म्हणायचं? मी विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही.

शेवटच्या वर्षी काकांना दम लागायला लागला. एका रविवारी ते अर्ध्या शिडीवर गेले आणि तिथेच बसून राहिले. बाबा खालून म्हणाले, "उतर, दादा. मी चढतो. तू आत बस नि सांग."

मी पळत जाऊन काकांचा हात धरला. ते आत आले, खुर्चीत बसले. खिडकी उघडी होती, म्हणजे मागे ऐकू जाईल. टीव्हीवर निळा पडदा. 'नो सिग्नल'. वरून बाबांचा आवाज आला, "आलं काय?"

काका म्हणाले, "नाय. तारापूरकडं घे."

"आता?"

काकांनी श्वास घेतला. त्यांचा डावा हात खुर्चीच्या बाजूला गेला, मूठ वळली. ते निळ्या पडद्याकडे बघत मोठ्याने म्हणाले, "आलं! आलं रे! बोईसर पुढं हाय!"

मग बाबांनी विचारलं, "आणि वाणगाव?"

"मागं. लई मागं."

"खोटं बोलतोस!"

"तू वर हायस, मी टीव्हीपुढं हाय! वळणावर आडवा झाला तुजा वाणगाव. जावयाला लाज आणली."

"उठला काय?"

"उठला. चाललाय." काका थोडे थांबले. मूठ सैल झाली. "गेलं बग. परत गेलं."

स्लॅबवरून बाबांच्या हसण्याचा आवाज आला. काकी दारात पदर तोंडाला लावून उभी होती. बाबा खाली उतरले तेव्हा त्यांनी टीव्हीकडे बघितलंसुद्धा नाही. ओट्यावर बसून चहा प्यायले आणि म्हणाले, "पुढच्या वेळी छत्री घट्ट बांधतो."

ती पुढची वेळ आली नाही. काकांना बोईसरच्या दवाखान्यात ठेवलं. बाबा शिफ्ट संपली की तिथूनच तिकडे जायचे. मी एकदा डबा घेऊन गेले तेव्हा बाबा काकांच्या खाटेवरच कडेला बसले होते. डॉक्टरांनी विचारलं, कसं वाटतंय, तेव्हा काका काय म्हणाले ते सांगायची गरज नाही. दोन दिवसांनी दुपारी ते गेले. बाबांनी फोन केला आणि मला एवढंच सांगितलं, "काकीजवळ जाऊन बस."

बाबा आता पाण्याची वेळ आली की आधी काकीच्या बाजूला सोडतात. छत्री तशीच आहे, बाबांनी शेवटची फिरवली होती त्या दिशेला. कावळे बसतात तिच्यावर.

हंगामातली पहिली रेस आली तेव्हा मी ॲपला पैसे भरले. बाबांना विचारलं नाही, फक्त म्हणाले, "काकीकडे चला." ते ओट्यावर बसायला लागले, तेव्हा काकी आतून म्हणाली, "आत या, भावजी. फोन बाहेरून दिसायचा नाय. खुर्चीत बसा." बाबा दारात थांबले, चपला काढल्या आणि आत येऊन काकांच्या खुर्चीत अगदी कडेला बसले. मी फोन बंद टीव्हीला टेकवून उभा केला.

इंग्रजी माणूस ओरडायला लागला. बाबा म्हणाले, "आवाज बंद कर."

मी बंद केला. फोनएवढ्या पडद्यावर मुंग्यांसारख्या गाड्या धावत होत्या. पंख्याचा आवाज येत होता. थोड्या वेळाने बाबा म्हणाले, "सांग."

"काय सांगू?"

"काय चाललंय ते."

मी अडखळले. "लाल पुढे आहे. तिच्यामागे..."

"लाल म्हंजे?"

"वाणगाव."

"मग तसं सांग."

मी सांगायला लागले. वाणगाव पुढे, तारापूर मागे, बेटेगाव आतून घेतोय. या वर्षी गावं वाटायला कुणी नव्हतं, म्हणून अंदाजानेच सांगत होते. केशरी गाडी आली तेव्हा मी बोईसर म्हणाले. मध्येच एक काळी गाडी घसरली. तिच्यावरचा माणूस उठला, त्याने गाडी उभी केली आणि सगळे निघून गेल्यावर तो एकटाच निघाला. कॅमेरा त्याला फारसा दाखवत नव्हता. पुन्हा दिसला तेव्हा बाबा पुढे वाकले.

"हा कोण?"

"याला गाव नाही, बाबा."

त्यांनी त्या गाडीकडे बराच वेळ बघितलं.

"पाम म्हण."

"काका पाम कुणालाच देत नव्हते."

"म्हाईत हाय मला," बाबा म्हणाले. "दे त्याला."

मी म्हणाले, "पाम सगळ्यात मागे आहे. पडला होता, उठलाय. चाललाय."

काकी चहा घेऊन आली. तिने कप बाबांच्या डाव्या बाजूला ठेवला. क्षणभर तिथेच उभी राहून त्यांच्याकडे बघत राहिली. मग काही न बोलता तिने तो उचलला आणि उजवीकडे ठेवला.